इशारा घालवायचा की चूक?

सी भाषेतला नमुना प्रोग्रॅम कंपायलरला दिला की कधी 'एरर' येते, कधी 'वॉर्निंग'. एरर आली तर प्रोग्रॅम तयार होत नाही. वॉर्निंग आली तरी तो बहुधा तयार होतो, चालतोही. म्हणून विद्यार्थी तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

एक उदाहरण पाहू. नेमके ३५ गुण मिळालेल्यांची यादी हवी आहे. विद्यार्थ्याने लिहिले: इफ (गुण = ३५). सी भाषेत तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे (==) लागतात. एकच चिन्ह म्हणजे 'डावीकडच्या चलात उजवीकडची किंमत भर'. त्यामुळे ९० गुणांचेही ३५ होतात! शिवाय शून्य सोडून कोणतीही किंमत 'खरी' धरली जात असल्याने सगळेच यादीत येतात.

जीसीसी या कंपायलरला '-डब्ल्यूऑल' हा पर्याय दिला, तर तो येथे इशारा देतो आणि कंस सुचवतो. आणखी एक कंसाची जोडी घातली की 'हे मुद्दाम लिहिले आहे' असे तो समजतो. इशारा जातो, चूक तशीच राहते! खरा उपाय दुसरे चिन्ह घालण्याचा.

काही इशारे जुन्या सवयींचे असतात. 'मेन'च्या आधी 'इंट' न लिहिण्याची सवलत १९९९ च्या मानकाने काढून घेतली. कित्येक वर्षे जीसीसी त्याबद्दल केवळ इशारा देई. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून ती एरर झाली.

प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ मुलांना आधी स्वतःच्या शब्दांत वहीत लिहू द्यावा. दुरुस्ती त्यानंतर.