आवेश: तारणारा आणि जाळणारा

हिब्रू भाषेत धर्मासाठीचा आवेश आणि मत्सर यांना एकच शब्द आहे, ‘किना’. मला हे अर्थपूर्ण वाटते.

‘गणना’ या ग्रंथात फिनहास आवेशाच्या भरात भाल्याने दोघांना ठार करतो. देव त्याला शांतीचा करार देतो. पण तोराच्या हस्तलिखितात त्या ‘शालोम’मधले ‘वाव’ अक्षर मुद्दाम तुटके लिहितात. हिंसेतून आलेली शांती अपुरीच, असा त्याचा एक अर्थ सांगतात. तो मला पटतो.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम उद्ध्वस्त केले. तालमूद सांगते, वेढा पडला असताना शहरातल्याच कडव्या लोकांनी धान्याची कोठारे जाळली. तह नको, लढाईच व्हावी म्हणून! उपासमार झाली. दुसरे मंदिर निष्कारण द्वेषाने पडले, असे पुढे रब्बींनी म्हटले. दोष त्यांनी आपल्याच पदरात घेतला.

याउलट हिलेल आणि शम्माई यांच्या शिष्यांचे पाहा. विवाहाच्या नियमांवरूनही कडाक्याचे मतभेद. तरी दोन्ही घराण्यांतल्या सोयरिकी थांबल्या नाहीत. वाद सत्यासाठी होता, माणूस तोडण्यासाठी नव्हे. आवेश पारखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.