फिरत्या दवाखान्याच्या गाडीस रिमोटचे सेंट्रल लॉकिंग

ग्रामीण आरोग्यसेवेसाठी वापरात असलेल्या आपल्या जुन्या बोलेरो गाडीस अहवाल वर्षात रिमोटचे सेंट्रल लॉकिंग बसविण्यात आले. जमाखर्चात ही रक्कम ‘वाहन दुरुस्ती’ या शीर्षाखाली दिसेल. गाडी सुस्थितीत धावत असता कुलपांवर खर्च कशासाठी, असा प्रश्न देणगीदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून हे निवेदन.

बोलेरो बाजारात आली ती २००० साली. आपल्या गाडीस बाजूची चार व मागचे एक अशी पाच दारे असून प्रत्येक दार स्वतंत्रपणे बंद करावे लागत असे. गाडीत औषधे, रुग्णांची कागदपत्रे व लसींची शीतपेटी असते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच टिकतात. कोणी पेटी उघडून पाहिली तरी नुकसान होते. वस्तीवर अत्यवस्थ रुग्ण असल्यास चालक व परिचारिका दोघांनाही स्ट्रेचर घेऊन धावावे लागते. अशा घाईत पाच दारे कोणी तपासावीत?

या व्यवस्थेचे तत्त्व सोपे आहे. दाराच्या आतील पॅड काढून कुलपाच्या दांडीस एक छोटी मोटर जोडतात. नियंत्रक पेटीकडून क्षणभर वीजप्रवाह मिळताच मोटर दांडी ओढते. प्रवाहाची दिशा उलटली की ढकलते. चालकाच्या दारातील मोटरला पाच तारा असतात, इतरांना दोनच. कारण चालकाने किल्ली फिरविल्याची वर्दी तेथूनच पेटीस मिळते. बाजारातील संच बहुधा चार दारांचा असतो, त्यामुळे मागच्या दाराची मोटर वेगळी घ्यावी लागली.

खरे कौशल्य मात्र विजेच्या जोडणीत नाही, जुन्या दारांत आहे. मागच्या दारावर स्टेपनीचा भार असल्याने कालांतराने बिजागरी झिजून दार खाली बसते, कुलूप अडते, आणि अडलेल्या कुलपाशी झगडून लहानशी मोटर जळते. म्हणून आधी बिजागऱ्या व कुलपे दुरुस्त करून घेणे इष्ट. दार व सांगाडा यांमधून जाणाऱ्या तारांना रबरी नळीचे आवरण हवे. अन्यथा रोजच्या उघडझापीने त्या तुटतात किंवा पत्र्यास घासून शॉर्ट होतात. बॅटरीजवळ फ्यूज तर अनिवार्यच.

काही संचांत गाडी सुरू होताच दारे आपोआप बंद होण्याची सोय असते. ती आपण जाणीवपूर्वक वापरलेली नाही. अपघातप्रसंगी दारे आपोआप उघडण्याची योजना अशा साध्या संचात सहसा नसते, आणि रुग्णवाहू गाडीत बाहेरून मदत पोहोचणे महत्त्वाचे. आतील खटका हाताने ओढला की दार पूर्वीप्रमाणेच उघडते, हे रुग्णांच्या नातेवाइकांनी ध्यानी ठेवावे.

रिमोटचा ग्राहक भाग सतत जागा असल्याने बॅटरीतून किंचित वीज घेतो. रोज फिरणाऱ्या गाडीस त्याची बाधा नाही. दीर्घकाळ उभी राहणार असल्यास बॅटरीची तार सोडवून ठेवावी. त्या वेळी, किंवा रिमोटचा सेल संपल्यास, किल्लीच उपयोगी पडते. यास्तव दर आठवड्यास एकदा तरी किल्लीने दार उघडण्याची सूचना चालकांना दिली आहे; पावसाळ्यात न फिरविलेले कुलूप गंजून बसते. दुसरा रिमोट कार्यालयात ठेवला आहे.