‘मला जमत नाही’ : एका वाक्याची तपासणी

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी सांगेन – ‘मला जमत नाही.’ (‘सर आले का?’ हे दुसरे.) गेल्या वर्षी इंग्रजीच्या बाबतीत मी ते इतक्या वेळा म्हटले की अखेरीस ते खरेच ठरले. पहिल्या सत्रात शंभरपैकी २३ गुण पडले. दुसऱ्या सत्राच्या पेपरात तर पत्रलेखन येत असूनही मी तो प्रश्न सोडून दिला. नापास झाल्याच्या दुःखापेक्षा त्या कोऱ्या पानाचेच कोडे मला अधिक पडले. पत्र येत होते, मग हात का चालला नाही?

या वर्षी मानसशास्त्र घेतले आणि त्या कोड्याचा धागा अनपेक्षित ठिकाणी, कुत्र्यांवरील एका प्रयोगात, सापडला.

१९६७ साली अमेरिकेतील मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास विजेचे झटके दिले. पण डोक्याने फळी दाबली की झटका बंद होई. दुसऱ्या गटासही तेवढेच झटके. मात्र काहीही केले तरी ते आपल्या हाती थांबत नसत. तिसऱ्या गटास झटके नव्हते. नंतर सर्वांना एका पेटीत ठेवले. मध्ये बुटकी आडभिंत, तिच्यावरून उडी मारली की सुटका. पहिल्या व तिसऱ्या गटांतील कुत्री उडी मारायला शिकली. दुसऱ्यातील बहुतेक मात्र जागीच बसून झटके सोसत राहिली. प्रयोग क्रूर आहे, वाचताना मलाही वाईट वाटले. पण पहिल्या दोन गटांचा त्रास सारखाच होता, हे ध्यानात घ्यावे. फरक होता तो ‘माझ्या करण्याने काही बदलते’ या अनुभवाचा. सेलिगमन यांनी यास ‘शिकलेली असहायता’ म्हटले.

गंमत अशी की, २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपलेच स्पष्टीकरण उलटे केले. त्रास लांबला की हातपाय गाळून बसणे ही मुळातलीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते ‘येथे आपले काही चालते’ हे. ते उमगले की मेंदूचा पुढचा भाग त्या प्रतिक्रियेला आवर घालतो. हे वाचून मला फार हायसे वाटले. खचणे हा माझा स्वभावदोष नव्हता तर!

मग हे शिकायचे कसे? सोपे यश द्या, पाठ थोपटा, असे आपण सहज म्हणतो. कॅरल ड्वेक यांनी १९७५ साली अपयश येताच हात टेकणाऱ्या १२ मुलांवर हे तपासले. निम्म्यांना सुटतील अशीच गणिते दिली. उरलेल्यांना मधूनमधून अपयश येऊ दिले व त्या वेळी ‘प्रयत्न कमी पडला’ असे सांगितले. पुढे अपयश येताच केवळ यश चाखलेली मुले पूर्वीसारखीच ढासळली. दुसरी टिकून राहिली.

येथे माझी एक शंका आहे. प्रयत्न मीही केलेच होते. रात्री बारापर्यंत गाईडमधील उत्तरे उतरवून काढत होते. माझ्या घरी कॉलेजात आलेली मीच पहिली. हे करून उपयोग नाही, असे सांगणारे कोणी नव्हते. अशा मुलीला ‘आणखी कष्ट कर’ म्हटले तर ती आणखी वह्या भरील आणि पुन्हा नापास झाल्यावर आपण ‘ढ’ आहोत अशी तिची खात्रीच पटेल. प्रयत्न कोठे लावायचा हे कळल्याशिवाय त्याचा उपदेश पोकळ वाटतो. प्राध्यापकांची क्षमा मागून लिहिते, लाल वर्तुळातील ‘२३’ हा आकडा ते सांगत नाही.

म्हणून या वर्षी धीर करून मी सरांकडे जुनी उत्तरपत्रिका पाहायला मागितली आणि चुका मोजल्या. एकूण ४१ निघाल्या. त्यांपैकी १९ एकाच जातीच्या होत्या : तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता आला की क्रियापदाला लागणारा ‘एस’ मी सोडला होता. वर्षभर ज्याला ‘इंग्रजी’ म्हणून घाबरले, त्याचा जवळजवळ अर्धा भाग एका अक्षराएवढा होता! पुढचे तीन आठवडे मी दुसरे काही केले नाही. रोज दहा वाक्ये लिहायची, ‘एस’ तपासायचा, आणि मैत्रिणीकडून पुन्हा तपासून घ्यायचा.

परवाच्या चाचणीत ३८ गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला दोन कमी. उद्या पुन्हा सरांकडे उत्तरपत्रिका मागायला जायचे आहे. या खेपेस ‘एस’ दोन-तीनदाच सुटला असावा. उरलेल्या चुका कोणत्या जातीच्या आहेत, ते पाहायचे आहे.