उन्हाळ्याची सुटी आणि उघडी आज्ञावली

टेंभुर्णीच्या शिवारात एखाद्या विहिरीवरची विजेची मोटार जळाली, तर शेतकरी काय करतो? ती काढून मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री मोटार खोलतो, जळालेली तार काढून नवी भरतो आणि मोटार पुन्हा पाणी उपसू लागते. आता अशी कल्पना करा, की मोटारीचे झाकण कायमचे बंद केलेले आहे व ते उघडण्यास मनाई आहे. मग मिस्त्री कितीही हुशार असला तरी काय उपयोग? आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला मोटारीचे अंतरंग कधी कळणार?

संगणकाच्या आज्ञावल्यांचेही, म्हणजे सॉफ्टवेअरचेही, असेच दोन प्रकार आहेत. आज्ञावली लिहिणारा ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. नंतर तिचे यंत्राला समजणाऱ्या शून्य आणि एक यांच्या भाषेत रूपांतर होते. पुष्कळ कंपन्या ग्राहकाला हे रूपांतरच देतात. मूळ लिखाण स्वतःजवळ ठेवतात. याउलट ‘मुक्त स्रोत’ किंवा ओपन सोर्स आज्ञावलीबरोबर मूळ लिखाणही मिळते. ते वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची परवानगीही असते. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, तो याच विचाराने. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची पहिली आवृत्ती खुली केली. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी हाच लिनक्स आहे.

सुटीतील कार्यशाळा

अशा उघड्या आज्ञावल्यांची दुरुस्ती करणारे हात कोठून आणायचे? उत्तर सोपे आहे : विद्यार्थ्यांमधून. गूगल कंपनीने २००५ साली ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. त्यात नवोदिताने एखाद्या मुक्त प्रकल्पातील काम निवडायचे, ते कसे करणार याचा आराखडा द्यायचा आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ते पुरे करायचे. कामाबद्दल विद्यावेतन मिळते. वय मात्र अठरा पूर्ण हवे. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवोदितांनाही त्यात भाग घेता येतो.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम चालते. मुंबईच्या पवई येथील आयआयटीमध्ये केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणारा ‘फॉसी’ हा प्रकल्प आहे. त्यातील एक योजना पाहा. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी ‘सायलॅब’ या मुक्त आज्ञावलीत पुन्हा सोडवतात. उत्तर पुस्तकाशी जुळते की नाही, हे तपासले जाते. काम पसंत पडले, की ते सर्वांसाठी खुले होते व विद्यार्थ्याला मानधन मिळते. अशी शेकडो पुस्तके तयार झाली आहेत. उन्हाळ्यात ‘फॉसी’ची छात्रवृत्तीही असते. तिच्या निवडीसाठी आधी नेमून दिलेले काम करून दाखवावे लागते.

दोरा, दगड आणि चूक

पण दुरुस्ती करायची म्हणजे नक्की काय करायचे? एक उदाहरण घेऊ.

समजा, लंबकाचा आवर्तकाल काढणारी एक आज्ञावली आहे. लांबीला गुरुत्वीय त्वरणाने भागायचे, वर्गमूळ काढायचे व त्याला ६.२८ ने गुणायचे, हे सूत्र तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. एक मीटर लांबीसाठी उत्तर येते सुमारे २ सेकंद. आमची आज्ञावली मात्र २० सेकंद सांगते! कोणाचे खरे?

एक मीटर दोऱ्याला दगड बांधा आणि घड्याळ घेऊन बसा. दहा आंदोलनांना सुमारे २० सेकंद लागतात, म्हणजे एकाला दोन. येथे सावध राहा. जो दहाने भागायला विसरेल, त्याला चुकीची आज्ञावली बरोबर वाटेल! आता मूळ लिखाण उघडून पाहा. लांबी सेंटिमीटरमध्ये, म्हणजे १०० घेतली आहे. त्वरण मात्र मीटरमध्ये, म्हणजे ९.८. शंभराचे वर्गमूळ दहा, म्हणून उत्तर दहापट आले. एका ओळीत शंभराने भागले, की काम झाले.

पाहा, चूक पकडायला संगणक लागला नाही. दोरा आणि दगड पुरला. ती दुरुस्त करायला मात्र मूळ लिखाण डोळ्यांसमोर असावे लागले. झाकण बंद असते, तर ‘उत्तर चुकते’ एवढेच म्हणून गप्प बसावे लागले असते. विज्ञानाची रीतही हीच नाही का? कोणी काही सांगितले, की ते दुसऱ्याने करून पाहायचे आणि चूक आढळली तर कारणासह दाखवून द्यायची.

मराठीचे काम कोण करणार?

तुम्ही म्हणाल, आमचे वय अठरा नाही, इंग्रजीही बेताचे. आम्ही काय करणार? पण एक काम मराठी शाळेतील मुलालाच चांगले जमेल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही विज्ञानाची चलत्-चित्रे किंवा आकाशदर्शनाची ‘स्टेलेरियम’ ही आज्ञावली अनेक भाषांत मिळते. हे भाषांतर स्वयंसेवक करतात. आता ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला फरक नववीच्या मराठी पुस्तकातून शिकलेल्या मुलाला चटकन कळेल. शहरातील निष्णात संगणकतज्ज्ञाच्या तो कदाचित नजरेतून सुटेल. कोणी हे काम केलेच नाही, तर आपल्या गावच्या मुलांना ते चित्र परक्या भाषेतच पाहावे लागेल.

मात्र केवळ बक्षिसासाठी या कामात शिरू नये. २०२० साली ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाच्या उपक्रमात टी-शर्ट मिळावा म्हणून अनेकांनी निरर्थक बदल पाठवले. ते तपासता तपासता प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. पाठवलेला बदल परत येणे यात कमीपणा नाही. तो का परत आला हे समजून घेणे, हेच शिक्षण.

तेव्हा या सुटीत शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने ‘स्टेलेरियम’ घ्या. रात्री अंगणात उभे राहून त्यातले आकाश खऱ्या आकाशाशी ताडून पाहा. जे जुळणार नाही ते तारीख, वेळ व ठिकाणासह वहीत लिहा. त्या नोंदीतील एखादी चूक तुमची निघेल, एखादी आज्ञावलीची. ती कोणाची, हे शोधता आले म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे तुमचे शिक्षण सुरू झाले असे समजा.