भरतीरेषा कुठे आहे?

लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणून त्या दिवशी समुद्राला उधाण असते. दापोली तालुक्यातल्या मुरुडला आमच्या घरी यासाठी भरतीचे कोष्टक पाहावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. पूजा आटोपली, लाह्या-बत्तासे वाटून झाले आणि आगराच्या टोकाला गडग्यापाशी जाऊन उभे राहिले, की पाणी कुठवर चढले आहे ते अंधारात ऐकूनही सांगता येते.

गेल्या दिवाळीत त्याच गडग्यापाशी माझ्या चुलतभावाने विषय काढला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आगरातल्या चाळीसेक पोफळी आणि सात माड आडवे झाले. नवी रोपे लावली आहेत, पण माड धरायला सहा-सात वर्षे जातात आणि तोवर घर कशावर चालवायचे? आगराच्या समुद्राकडच्या मोकळ्या जागेत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधाव्यात, असे त्याच्या मनात होते. सातबाऱ्यावर दोघांची नावे आहेत, म्हणून माझी सही हवी होती.

मी म्हटले, "दादा, सीआरझेडचं काय? भरतीरेषेपासून अंतर किती भरतं?"

तो हसला. "कुठली भरतीरेषा? तू शिकलेला आहेस ना, मग दाखव मला. मी इथे जन्म काढला, मला तर ती कधी दिसली नाही."

मला ती दाखवता आली नाही. पुण्याला परतल्यावर वर्षभर अधिसूचना, अहवाल आणि नकाशे वाचले. त्या वाचनातून जे समजले ते इथे मांडतो आहे. कोकणच्या किनाऱ्याविषयीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो आणि त्यांवर मतेही देतो. पण ज्या रेषेवर सगळे प्रकरण उभे असते ती रेषा बहुतेकांनी पाहिलेली नसते.

व्याख्या सोपी आहे. उधाणाच्या भरतीत पाणी जमिनीवर जिथवर जास्तीत जास्त चढते ती भरतीरेषा. अडचण त्या पुढची आहे. अमावास्या-पौर्णिमेचे प्रत्येक उधाण सारखे नसते. चंद्राच्या कक्षेचे एक चक्र साडेअठरा वर्षांहून अधिक काळाचे आहे आणि त्यानुसार भरतीची उंची थोडी कमीजास्त होते. शिवाय आमची पुळण स्थिर नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यात ती पुन्हा येऊन बसते. आषाढात पाहिलेला किनारा आणि माघात पाहिलेला किनारा यांत काही पावलांचा फरक सहज पडतो. त्यामुळे मोजणी करणारा शास्त्रज्ञ एका दिवसाचे पाणी पाहून रेषा ओढत नाही. वाळूचा उंचवटा कुठे सुरू होतो, कायमची झाडी कुठून लागते, जुना बांध कुठे आहे, अशा खुणांवरून आणि उपग्रहाच्या चित्रांवरून तो ती ठरवतो.

यातल्या काही खुणा गावालाही ठाऊक असतात. वाळूत पसरणाऱ्या जांभळ्या फुलांच्या एका वेलीला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. तिच्यापुढे कोरडी वाळू, मागे केवडा आणि उंडी. ऑलिव्ह रिडले कासवांची मादीही तोच हिशेब करते. ती भरतीचे पाणी पोचणार नाही अशा जागी खड्डा करून अंडी घालते. तिचा अंदाज चुकला तर कासवमित्र ती अंडी उचलून आणखी वर, कुंपणाच्या आत ठेवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ पासून हे काम उभे केले आणि पुढे ते आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवरही पसरले. वेलीला, कासवाला आणि कासवमित्राला रेषा अदमासे कळते. कायद्याला मात्र अदमास चालत नाही, त्याला मीटर लागतात.

हे मीटर कुठून आले? नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवावा असे सुचवले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी त्याला अधिसूचनेचे रूप मिळाले. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर 'ना विकास क्षेत्र' ठरले आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत अटींसह बांधकामाला वाव राहिला. या अधिसूचनेत पुढच्या वीस वर्षांत पंचवीसच्या आसपास दुरुस्त्या झाल्या. मग ६ जानेवारी २०११ ला दुसरी अधिसूचना आली आणि १८ जानेवारी २०१९ ला तिसरी.

तिसऱ्या अधिसूचनेत एक आकडा आहे, २१६१. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरला याहून अधिक माणसे राहतात, तिथे ना विकास क्षेत्र २०० मीटरांवरून ५० मीटरांवर येते. बाकीच्या ठिकाणी ते २०० मीटरच राहते. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी घनता त्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला दोनशेच्याही खाली होती. म्हणजे जिथे माणसे दाटीने राहतात तिथे समुद्राजवळ जायची मुभा जास्त आणि जिथे विरळ तिथे कमी. दाट वस्तीच्या कोळीवाड्यांची घरांची गरज खरी आहे, त्यामुळे यात माणुसकीचा विचार नाही असे मी म्हणणार नाही. पण लाट किती आत येणार हे लोकसंख्येवर ठरत नाही. रेषा विज्ञानाने मोजली, तिच्यापासूनचे अंतर मात्र राजकारणाने ठरवले. लोकशाहीत ते तसेच असते आणि असायलाही हवे. आपण मात्र दोन्ही गोष्टी एकच समजतो आणि 'शास्त्रीय नियम' असे एक नाव देऊन मोकळे होतो.

आता नकाशा. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे १:२५,००० या प्रमाणात काढतात. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. पेनाची रेघ जरा जाड झाली तर तिच्या पोटात आमचे अख्खे घर मावते. म्हणूनच गावपातळीवर १:४,००० च्या जवळपासचे, सर्व्हे नंबर दाखवणारे नकाशे करायचे असतात. तिथे एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. आमच्यासारख्याला उपयोग आहे तो याच नकाशाचा. मी एका कार्यालयात आमचा सर्व्हे नंबर घेऊन गेलो. तिथल्या एका टेबलावर "तुम्ही बाहेर आहात" असे सांगितले, दुसऱ्या टेबलावर "आत आहात." दोघेही सज्जन होते आणि दोघांच्याही समोर कागद होता. एकाने २०११ ची अधिसूचना धरली होती, दुसऱ्याने २०१९ ची. नवी अधिसूचना राज्याचा नवा आराखडा मंजूर होईपर्यंत लागू होत नाही, ही तिच्यातलीच अट आहे. म्हणून देशाच्या किनाऱ्यावर बराच काळ वर्तमानपत्रात एक नियम आणि जमिनीवर दुसरा, अशी स्थिती राहिली.

वाचताना मला सर्वांत जास्त खटकली ती दुसरीच गोष्ट. २०११ च्या अधिसूचनेत भरतीरेषेखेरीज आणखी एक रेषा होती, धोक्याची रेषा. भरती, लाटा, समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्याची धूप या सर्वांचा विचार करून ती आखायची होती आणि नियमन-क्षेत्र ठरवताना ती धरायची होती. २०१९ च्या अधिसूचनेत ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी ठेवली आहे, बांधकामाच्या बंधनासाठी नाही. म्हणजे संकटात कुणाला हलवायचे हे ती सांगेल, घर कुठे बांधू नये हे सांगणार नाही. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतरच्या वर्षांत हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. पाणी पुढे सरकण्याच्या काळात धोक्याची रेषा नियमातून बाहेर गेली, याचे उत्तर मला कोणत्याही कागदात समाधानकारक मिळाले नाही.

गेल्या काही वर्षांत मुरुडचे नाव राज्यभर गाजले ते इथल्या किनाऱ्यावरच्या बांधकामांवरून. आरोप-प्रत्यारोप झाले, केंद्रीय यंत्रणा आल्या, न्यायालयात दावे गेले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. मी एक साधी गोष्ट पाहिली. इतक्या बातम्यांत मालक कोण, पक्ष कोणता, हातोडा कधी पडणार, हे सगळे होते, पण भरतीरेषेचा नकाशा माझ्या पाहण्यात कुठे आला नाही. केरळात मराडूला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने चार टोलेजंग संकुले ११ आणि १२ जानेवारी २०२० ला स्फोटकांनी पाडली गेली. ते दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. वादाच्या मुळाशी होता तो किनारा नियमांच्या कोणत्या वर्गात मोडतो हा प्रश्न, आणि तो ज्यांना सर्वांत महाग पडला त्यांनी आयुष्याची कमाई घालून घरे घेतली होती. रेषा वेळीच आणि जाहीरपणे दाखवली असती तर पाडण्याची वेळच आली नसती.

महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडचे. विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही. गावात ही गोष्ट लहान मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला अलीकडे तिच्यात दुसरेच दिसते. नियम होता, पण तो लागू झाला एका माणसाच्या नजरेच्या अंदाजाने. किनाऱ्यावर आजही तसेच चालले आहे. ज्याच्या ओळखी आहेत त्याच्यासाठी रेषा वाळूत जाते, ज्याच्या नाहीत त्याच्या ती ओटीवर येते.

मला वाटते, उपाय अवघड नाही. जमिनीच्या मोजणीत हद्दीचे दगड रोवतात तसे भरतीरेषेचे आणि धोक्याच्या रेषेचे दगड प्रत्येक किनारी गावात रोवावेत. सर्व्हे नंबर असलेला मराठी नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. मग नियम सैल करायचा की घट्ट, यावर खुशाल भांडावे. निदान भांडण एका रेषेवरून होईल.

आमच्यापुरता निर्णय या गणपतीत झाला. समुद्राकडच्या जागेसाठी मी सही केली नाही. २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना आहे त्या घरात, जोते आणि रूप न बदलता, पर्यटक ठेवण्याची सोय आहे. तेव्हा माजघराच्या बाजूच्या दोन खोल्या दुरुस्त करायच्या आणि खर्चाचा अर्धा वाटा मी उचलायचा, असे ठरले. दादा पूर्ण खूश नाही. "चार खोल्यांचं उत्पन्न दोन खोल्यांत येत नाही," हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. जाताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी शेजारच्या आगरात कुणी बाहेरच्याने येऊन बांधलं, तर मी तुला काय म्हणू?"

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर माझ्या सहीने मिळणारे नाही, गडग्यापाशी रोवलेल्या दगडानेच मिळेल.