उरलेल्या विषाचें काय करावें?

समुद्रमंथनाची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. अमृत घेण्यास देव आणि दानव दोघेहि धांवले. परंतु त्यापूर्वीं निघालेलें हलाहल कोठें ठेवावें, हा प्रश्न मात्र एकट्या शंकरावर येऊन पडला. त्यानें तें पोटांत जाऊं दिलें नाहीं आणि बाहेरहि टाकलें नाहीं. हा प्रश्न आजहि घरोघर आहे. माळा किंवा परसांतील खोली झाडावयास काढली म्हणजे ढेकणांचें औषध, वाळवीचें औषध, उंदरांच्या वड्या, गांवाकडील शेतासाठीं आणलेली फवारणीची अर्धी बाटली, असे जिन्नस हातीं लागतात. काम संपलें, विष उरलें. तें वापरवत नाहीं, टाकवत नाहीं. म्हणून पुन्हां माळ्यावर जातें.

जुनें झालें म्हणजे विष निरुपद्रवी होतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. कीड मारण्याच्या कामीं तें निरुपयोगी ठरलें, तरी माणसास अपाय करण्यास पुरेसें असूं शकतें. परंतु याहूनहि मोठें भय निराळेंच आहे. बाटलीवरील कागद निघून जातो, अक्षरें पुसट होतात, किंवा गळक्या डब्यांतील पदार्थ कोणी दुसऱ्या स्वच्छ बाटलींत ओतून ठेवतो. त्या क्षणापासून त्या विषाला नांव राहत नाहीं. आणि ज्याचें नांव ठाऊक नाहीं, त्यापासून सावध कोणी राहावें?

डॉक्टरांचेंहि तसेंच आहे. स्फुरदयुक्त सेंद्रिय कीटकनाशक पोटांत गेलें असतां अॅट्रोपीन उपयोगी पडतें. रक्त गोठूं न देणारें उंदरांचें विष असेल, तर ‘के’ जीवनसत्त्व द्यावें लागतें. आणि पिवळ्या फॉस्फरसाच्या उंदीरनाशकावर खास असा उतारा नाहीं. म्हणजे बाटलीवरील तो मळका कागद हा उपचाराचाच एक भाग होय.

बिहारच्या सारण जिल्ह्यांतील गंडामन या गांवीं १६ जुलै २०१३ रोजीं जें घडलें, तें या दृष्टीनें प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तेथील प्राथमिक शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें दगावलीं. अन्नाच्या तपासणींत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक आढळलें, आणि स्वयंपाकाचें तेल पूर्वीं कीटकनाशक असलेल्या डब्यांत ठेवलें गेलें होतें, असें तपासांत पुढें आलें. विष कोणी मुद्दाम आणलें नव्हतें. रिकामा डबा टाकून न देतां वापरांत घेतला गेला, एवढेंच.

आपल्या देशांतील कायद्याचा उगमहि अशाच एका दुर्घटनेंत आहे. १९५८ सालीं केरळांत, जहाजांतून येतांना कीटकनाशक सांडून दूषित झालेलें धान्य व साखर पोटांत गेल्यानें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतरच्या चौकशींतून पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. १९७१ च्या नियमांत, रिकामीं वेष्टनें पुन्हां कोणाच्या वापरांत येऊं नयेत म्हणून तीं फोडून वस्तीपासून दूर पुरावीं, असें स्पष्ट सांगितलें आहे. तरीहि घरोघर धुतलेले डबे दिसतातच.

मग उरलेलें विष मोरींत ओतावें काय? नाहीं; मोरीचें पाणी शेवटीं ओढ्यास, नदीस किंवा विहिरीस मिळतें, आणि मासे तर अत्यल्प मात्रेनेंहि मरतात. बंबांत किंवा शेकोटींत जाळावें काय? तेंहि नाहीं. मंद विस्तवांत विषाचा पूर्ण नाश होत नाहीं. उलट क्लोरीनयुक्त द्रव्यांपासून डायॉक्सिनासारखीं अधिक घातक द्रव्यें उत्पन्न होतात. पूर्ण नाशासाठीं अकराशें अंशांच्या वरचें तापमान व खास बांधलेली भट्टी लागते. हें काम चुलीचें नव्हे.

गृहस्थ व गृहिणी यांनीं करावयाचें तें सोपें आहे. विष मूळच्या बाटलींतच, कागदासह ठेवावें. बाटली गळत असल्यास ती तशीच कोरडी वाळू घातलेल्या मोठ्या डब्यांत उभी करून वर ठळक अक्षरांत नांव लिहावें. जागा कुलुपाची असावी. अन्नधान्याच्या शेजारची नसावी. फवारणीची बाटली रिकामी झाली, तर चतुर्थांश पाणी घालून अर्धा मिनिट हालवावी, तें पाणी फवाऱ्याच्या टाकींतच ओतावें, आणि असें तीन वेळां केल्यावर बाटलीस भोंकें पाडावीं. भंगारवाल्यास ती देऊं नये. सर्वांत उत्तम म्हणजे गरजेपुरतेंच विकत घ्यावें.

परंतु एवढ्यानें विष घरांत सुरक्षित राहिलें. नाहींसें झालें नाहीं. पुढचें काम समाजाचें आहे. नेपाळांत वर्षानुवर्षें गोदामांत पडून राहिलेलीं सुमारें ७५ टन टाकाऊ कीटकनाशकें २०११ सालीं जर्मनीस नेऊन जाळावीं लागलीं. ब्राझिलानें २००० सालीं कायदा करून जबाबदारी वांटून दिली: शेतकऱ्यानें रिकामा डबा परत करावा, दुकानदारानें तो घेण्याची सोय करावी, आणि कारखानदारानें तो नेऊन त्याची विल्हेवाट लावावी. तेथें शेंकडा नव्वदांहून अधिक डबे परत येऊं लागले.

महाराष्ट्रांत तळोजें, रांजणगांव, बुटीबोरी येथें कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठीं केंद्रें उभारलीं गेलीं. घरगुती विषासाठीं २०१६ च्या घनकचरा नियमांनीं स्थानिक संस्थांना, दर वीस चौरस किलोमीटरांस एक संकलनकेंद्र काढण्यास सांगितलें. असें केंद्र आपल्या गांवीं कोठें आहे, हें वाचकांनीं नगरपालिकेंत जाऊन विचारावें. नसल्यास लेखी अर्ज द्यावा, आणि शेजारच्या चार घरांच्या सह्या त्यावर घ्याव्या. दिवाळीच्या झाडलोटीपूर्वीं इतकें झालें, तर माळ्यावरील त्या बाटलीस एकदां तरी योग्य वाट मिळेल.