गाडीची नाडी : न घालता वाढलेलं ऑइल

ऑइल कमी होण्याची तक्रार ओळखीची. हे दुखणं उलटं आहे. एक थेंबही ऑइल न घालता डिपस्टिकवरची पातळी चढते आणि मालक खूश होतो, ‘गाडी ऑइल खात नाही!’ इंजिन ऑइल तयार करत नाही. पातळी चढली म्हणजे चेंबरमध्ये दुसरं काहीतरी उतरलंय, आणि जुन्या ओम्नीत ते बहुधा पेट्रोल असतं.

‘मारुती व्हॅन’ म्हणून ही गाडी 1984 मध्ये आली, 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आपल्याकडे कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात एमएच-05 पाटीच्या ओम्नी अजून राबताहेत. कुणी कॅम्प पाचातून जीन्सचे गठ्ठे नेतो, कुणी बदलापुरात पूर्वेकडून पश्चिमेला माल पोचवतो. फेऱ्या आखूड, थांबे फार. फर्निचर बाजारातल्या गर्दीत तर चाकांपेक्षा क्लचच जास्त चालतो. अशा वापरात ऑइल पुरतं तापत नाही, त्यामुळे त्यात मिसळलेलं पेट्रोल उडूनही जात नाही. म्हणून पातळी बघायची ती सकाळी, गाडी सपाटीवर उभी असताना, स्टार्टर मारण्याआधी. काटई रस्त्याने लांब फेरी मारून आल्यावर पाहिलंत तर बरंचसं पेट्रोल वाफ होऊन गेलेलं असेल आणि गाडी तुम्हाला फसवेल.

पावसाळ्यात आणखी एक शंका फेडून घ्या. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली, ते आठवत असेल. अशा पुरात उल्हास नदीकाठच्या सखल सोसायट्यांत उभ्या गाड्यांच्या इंजिनात पाणीही शिरू शकतं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ, फेसाळ होतं. पेट्रोल मिसळलेलं काळंच राहतं, पण पातळ होतं, बोटांत चिकटपणा उरत नाही आणि वास लपत नाही. हुंगा, पण काडी किंवा विडी जवळ नको. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, हे विसरू नका.

आता पेट्रोल आलं कुठून? कार्बोरेटरच्या गाडीत संशयित दोन. पहिला पेट्रोल पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्ट त्याचा रबरी पडदा हलवतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनात उतरू शकतं. बऱ्याच पंपांना अशा वेळी गळती बाहेर दिसावी म्हणून बारीक भोक असतं, पण ते चिखलाने बुजलं की तीही सोय गेली. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही.

दुसरा संशयित कार्बोरेटर. फ्लोटची नीडल झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला की पेट्रोल थांबत नाही. ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं, भिंतीवरचं ऑइल धुतं आणि रिंगांच्या फटीतून खाली झिरपतं. अर्धा ओढलेला चोक हेच काम सावकाश करतो.

दोघांना वेगळं करायला महागडं यंत्र नको, इंजिनाचे तिन्ही स्पार्क प्लग काढा. तिन्ही काळे, ओलसर असतील तर कार्बोरेटर धरा. इंजिन बंद करून, एअर फिल्टर काढून टॉर्चने आत बघा, थेंब पडताना दिसेल. प्लग साफ, तपकिरी, पण ऑइल मात्र पेट्रोलने भरलेलं, तर पंप धरा. त्याची गळती सिलिंडरला वळसा घालून जाते. एकच प्लग ओला असेल तर दोघेही निर्दोष असू शकतात. त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नसेल, वायर किंवा प्लग बदला. मिस्त्री प्लग न बघताच कार्बोरेटर सोडायला निघाला, तर मी त्याला थांबवीन.

नंतरच्या एमपीएफआय ओम्नीत संशय इंजेक्टरवर आणि प्रेशर रेग्युलेटरवर. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बघा, ती आतून कोरडी हवी. सीएनजीवाले म्हणतात, ‘आम्ही पेट्रोल वापरतच नाही.’ पण गाडी सुरू तर पेट्रोलवरच होते ना? कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड नीट बसत नसेल तर गॅसवर चालतानाही कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येत राहतं.

दोष सापडेपर्यंत गाडी चालवू नका. पातळ ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही, आणि स्लोला ऑइलचा लाल दिवा मिणमिणू लागला असेल तर झीज कदाचित सुरूही झालीय. स्टार्टर मारताच इंजिन अडकल्यासारखं वाटलं तर पुन्हा मारू नका. सिलिंडर पेट्रोलने भरला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी गळती बंद करायची, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. क्रम उलटा केलात तर नवं ऑइलही चार दिवसांत पेट्रोलच्या वासाचं होईल. काढलेलं ऑइल वालधुनी नदीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.